खाडी-गस्तीचं चिलखत: विज्ञान-एकांकिकेसाठी फोमचं कवच-जाकीट कसं करावं

रंगमंचावर भविष्यातला शिपाई आला की त्याच्या अंगावर बहुतेकदा दोनपैकी एक गोष्ट दिसते: भाड्याने आणलेलं काळं रेक्झिनचं जाकीट, नाहीतर पुठ्ठ्याला चंदेरी रंग मारून दोरीने बांधलेला छातीचा पत्रा. दोन्हींत चूक एकच. हे कवच नेमकं कशापासून वाचवतं, हे कोणी ठरवलेलंच नसतं. ते एकदा ठरलं की कुठे जाड, कुठे पातळ, कुठे फट आणि कुठे पट्टा, हे सगळं त्यातूनच सुचत जातं.

या लेखात एक ठरावीक जाकीट करू. पात्र असं धरा: साल २१४०, ठाणे खाडीवरची गस्त. समुद्र वर आलाय, ऐरोलीपासून वाशीपर्यंत काठावरच्या वस्त्या खांबांवर गेल्यात, आणि फ्लेमिंगोंच्या चिखलपट्ट्यांमधून होडीने फिरणारे हे शिपाई दिवसाचे बारा तास कवच घालून असतात. तुमच्या संहितेत मंगळ असो की मुंब्र्याचा डोंगर, पद्धत हीच.

एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. फोमचं जाकीट गोळी, सुरा, दगड यातलं काहीही अडवत नाही. ते पाण्यावर तरंगतं, पण तेवढ्याने ते लाइफ जॅकेट होत नाही. हा पोशाख आहे.

कापण्याआधी काय ठरवायचं

खऱ्या बुलेटप्रूफ जाकिटात दोन वेगळ्या वस्तू असतात. पहिली म्हणजे मऊ थर. अरामिड धाग्याच्या किंवा अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिथिलीनच्या पदरांवर पदर. आज केव्हलार नावाने ओळखला जाणारा अरामिड धागा ड्यूपाँ कंपनीत स्टेफनी क्वोलेक यांच्या १९६५ मधल्या कामातून आला. हे पदर पिस्तुलाची गोळी जाळ्यासारखी पकडतात. रायफलची गोळी मात्र त्यातून आरपार जाते, म्हणून छातीवर आणि पाठीवर दुसरी वस्तू लागते, ती म्हणजे कडक प्लेट. प्लेटमधलं सिरॅमिक गोळीचं टोक फोडतं, त्यात स्वतःही तडकतं, आणि मागचा थर उरलेले तुकडे धरून ठेवतो. सिरॅमिक वापरण्याचं कारण वजन. बोरॉन कार्बाइडची घनता घन सेंटिमीटरला २.५ ग्रॅम, अॅल्युमिनाची ३.९, आणि पोलादाची ७.८५. वाशी पुलाच्या पलीकडे ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेल्या ‘भाभा कवच’मध्येही बोरॉन कार्बाइड आणि कार्बन नॅनोट्यूब घातलेलं पॉलिमर वापरलंय.

पोशाख करणाऱ्याने यातून उचलण्यासारख्या गोष्टी बऱ्याच आहेत. खरी छातीची प्लेट लहान असते, साधारण २५ × ३० सेंमी. वरची कड गळ्याखालच्या खोबणीशी, खालची बेंबीच्या चार-पाच बोटं वर. हृदय आणि मोठ्या रक्तवाहिन्या झाकल्या की तिचं काम झालं. गळ्यापासून कमरेखालपर्यंत एकच सलग पत्रा करणं ही नवख्यांची सगळ्यात मोठी चूक. असं कवच घातलेला नट खुर्चीवर बसला की पत्रा हनुवटीला लागतो. दुसरं, प्लेट आणि तिला धरणारं कापड वेगळं दिसलं पाहिजे. तिसरं, तडकलेली प्लेट बदलावी लागते. म्हणून चार जुन्या पॅनेलांत एक नव्या रंगाचं पॅनेल ठेवलं तर पात्राचा इतिहास एका वाक्याशिवाय कळतो.

दिग्दर्शकासाठी आणखी एक. गोळी अडली तरी जाकीट आतल्या बाजूला दबतं. एनआयजे या अमेरिकन सरकारी संस्थेच्या मानकात, जाकिटामागे ठेवलेल्या चाचणीच्या मातीत ४४ मिमीपर्यंतचा खड्डा चालवून घेतात. इतका धक्का बरगड्यांवर बसल्यावर माणूस धूळ झटकत उभा राहत नाही. तो कोसळतो, आणि काही क्षण त्याला श्वासच सापडत नाही. नटाला हे सांगा. फुकटात मिळणारा परिणाम आहे.

आता कल्पनेचा भाग. कथेत उष्णतेची शस्त्रं असतील तर कवचाचा वरचा थर जळून निघून जाण्यासाठीच असतो, अवकाशयानाच्या उष्णतारोधक कवचासारखा. त्याचे पापुद्रे सुटलेले दाखवा. लेझरला आरसा हे उत्तर कागदावर छान वाटतं, पण खाडीचा चिखल एकदा उडाला की आरसा संपला. अंतराळातले बारीक तुकडे अडवायचे असतील तर फ्रेड व्हिपल यांनी १९४० च्या दशकात सुचवलेली युक्ती घ्या: पुढे पातळ पत्रा, मध्ये मोकळी जागा, मागे भिंत. तुकडा पहिल्या पत्र्यावर फुटून विखुरतो आणि भिंतीवर येणारा मार पसरतो. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावर अशाच ढाली आहेत. जाकिटावर ही मोकळी जागा १५ मिमीची ठेवली तर बाजूने फार सुंदर दिसते. धक्का बसल्यावर घट्ट होणारा द्रव हवा असेल तर कॉर्नफ्लोअर थोड्या पाण्यात कालवून त्यावर बुक्की मारून बघा. संशोधक हेच तत्त्व कापडात वापरायचा प्रयत्न करतात. पोशाखात ते गोधडीसारख्या शिवलेल्या कप्प्यांनी दाखवता येतं.

आणि घाम. स्वस्थ बसलेला माणूस सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो, मेहनत करताना त्याच्या कित्येक पट. बंद कवचात घाम सुकत नाही, आणि ठाण्याच्या दमट हवेत तो उघड्या अंगावरही सुकत नाही. अंतराळवीरांच्या पोशाखाखाली थंड पाण्याच्या बारीक नळ्यांचा आतला कपडा असतो, अमेरिकन पोशाखात साधारण ९० मीटर नळी. म्हणून आपल्या गस्तवाल्याच्या बगलेखालून दोन नळ्या निघून पाठीवरच्या डब्यात जातात. माशांच्या टाकीतल्या हवेच्या पंपाची पारदर्शक नळी दोन मीटर आणली की झालं.

हे सगळं वहीत पाच ओळींत उतरवा. काय अडवतं: खिळेबंदुका आणि धातूचे तुकडे. कोणी दिलं: महापालिकेने, सर्वांत कमी दराच्या निविदेतून, त्यामुळे पॅनेल एकमेकांशी जुळत नाहीत. कसं निघतं: पाण्यात पडल्यावर एका हाताने, दोन ओढींत. कुठे झिजलंय: होडीच्या काठाला घासणाऱ्या डाव्या बगलेत. कशाने तापतं: पाठीवरच्या डब्याने. पुढे शंका आली की या पानाकडे परत या.

सामान

मध्यम अंगाच्या एका माणसासाठी: १० मिमी ईव्हीए फोम, म्हणजे चपलांच्या तळव्यांना असतो तसा रबरासारखा फोम, दीड चौरस मीटर (६० × ६० सेंमीच्या एकमेकांत अडकणाऱ्या जिमच्या चटया चार), ५ मिमी एक चौरस मीटर, २ मिमी अर्धा. सिंथेटिक रबरचा गोंद, म्हणजे चपला करणारे ज्याला नुसतं ‘सोल्युशन’ म्हणतात तो, अर्धा लिटर. जाड कॅनव्हास किंवा ड्रिल दीड मीटर, शाळेच्या दप्तराच्या पाठीला असते ती फुगीर जाळी एक मीटर, ३८ मिमीची नायलॉन पट्टी चार मीटर, त्याच मापाची चाप-बकलं चार, ५० मिमीचं वेलक्रो दीड मीटर. १८ मिमीचा कटर आणि पात्यांचं पाकीट, हीट गन, १२० आणि २४० नंबरचा पॉलिश पेपर, मास्किंग टेप, एन-९५ मास्क.

फोम घेताना बोटाने दाबून बघा. खड्डा लगेच भरून आला पाहिजे. पांढरा हलका पॅकिंग फोम ईव्हीए नसतो. हीट गनखाली तो आक्रसतो आणि वितळतो. योगा मॅटही नको, बहुतेक वेळा ती वेगळ्याच मालाची असते आणि रंग धरत नाही. सुट्या शीट हव्या असतील तर वागळे इस्टेट किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या औद्योगिक वसाहतींत पॅकिंगचा माल करणाऱ्यांकडे विचारा. कापून उरलेले तुकडे पुष्कळदा वजनावर मिळतात आणि एका जाकिटाला पुरतात. चपलांचा कच्चा माल विकणारी दुकानं कुर्ल्या-चेंबूरच्या ठक्कर बाप्पा कॉलनीत आहेत. फोम, सोल्युशन आणि बकलं एका फेरीत आणायची असतील तर तिकडेच जावं.

हे सगळं जोडून जाकीट साधारण दोन किलोचं होतं. खरं जाकीट प्लेटांसकट दहा किलोच्या आसपास. हा फरक तालमीत भरून काढायचा आहे, ते पुढे येईल.

मापं आणि खाका

पाच मापं घ्या: छातीचा घेर (श्वास भरून), बरगड्यांखालचा घेर, गळ्याची खोबण ते बेंबी, मानेचा वर आलेला मणका ते कंबर, आणि दोन खांद्यांमधलं अंतर. उंचीची मापं उभ्याने घ्या आणि बसूनही घ्या. बसलेलं माप कमी येतं, आणि जाकीट त्याच मापाचं करायचं.

मग नटाला टाकाऊ टी-शर्ट घाला, त्यावर क्लिंग फिल्मचे दोन सैल वेढे, त्यावर मास्किंग टेपच्या हातभर पट्ट्या आडव्या-उभ्या. टेप लावताना त्याला छाती भरून उभं राहायला सांगा. श्वास सोडून घेतलेल्या मापाचं जाकीट प्रयोगात दुसऱ्या संवादाला आवळतं. पंख्याखाली पंधरा मिनिटांत उरका, आत प्रचंड उकडतं. मार्करने मधली रेघ, दोन्ही बगलांच्या रेघा, खांद्याची रेघ आणि प्लेटची चौकट आखा. प्रत्येक रेघेवर दर ५ सेंमीला आडवी खूण करा. या खुणा नसतील तर चिकटवताना तुकडे सरकतात आणि एक खांदा वर जातो. पाठीमागून, बोथट टोकाच्या कात्रीने कापून साल काढा.

फक्त उजवी बाजू ठेवा, डावी फेकून द्या. माणूस सरळ उभा राहत नाही. दोन्ही बाजू वापरल्या तर तो वाकडेपणा कवचात उतरतो. साल सपाट होत नसेल तिथे टक घ्या, शिंपी ब्लाउजला घेतो तसा. चार्ट पेपरवर उतरवून आरसा-प्रतिमा काढा.

आता जाडीचा हिशेब, जो बहुतेक लोक विसरतात. फोम वळला की बाहेरची बाजू ताणते, आतली दबते, मधला थर तेवढाच राहतो. १० मिमी फोम अंगाभोवती पूर्ण फिरवायचा तर घेरात २ × ३.१४ × ५, म्हणजे सुमारे ३१ मिमी वाढवायला हवेत. त्यावर श्वासासाठी ४ ते ५ सेंमी. एकूण ८ सेंमी वाढ दिसायला फार वाटते, पण ती दोन्ही बगलांत विभागून जाते.

आपल्या जाकिटाचे तुकडे: छातीची प्लेट २५ × ३०, वरचे दोन्ही कोपरे ६-७ सेंमी तिरपे छाटलेले, नाहीतर हात पुढे येत नाहीत आणि बंदूक धरता येत नाही. पाठीची प्लेट तशीच. बगलांत १५ × १५ ची दोन पॅनेल. पोटावर ५ मिमी फोमच्या तीन आडव्या पट्ट्या, प्रत्येकी ६ सेंमी रुंद, एकीवर दुसरी २ सेंमी चढलेली, कोळंबीच्या सालासारख्या. वरची पट्टी खालचीवर यावी, कौलांसारखी. या पट्ट्या एकमेकांना चिकटवू नका. आतून तीन उभ्या नायलॉन पट्ट्यांवर प्रत्येकीची फक्त वरची कड चिकटवा, म्हणजे नट वाकला की त्या एकमेकींवर सरकतात. गळ्याभोवती तीन सेंमी मोकळे ठेवा.

कापणं आणि आकार देणं

पातं नवं हवं. दर मीटरभर कापल्यावर टोकाचा तुकडा पक्कडीने मोडून टाका. बोथट पातं फोम ओढतं आणि कडेला दाते पडतात. दहा मिमी एका दमात कापायला जाऊ नका. पहिली चीर हलकी, दुसरी अर्धी, तिसरी आरपार. पातं काटकोनात धरा. वळणावर हात न फिरवता फोम फिरवा. खाली जुना फ्लेक्स बॅनर किंवा जाड पुठ्ठा घाला. चटईची खडबडीत बाजू आत जाईल असं बघा आणि तिच्यावरच ‘डा’, ‘उ’ लिहा. दोन डाव्या बगला कापून बसलेले लोक कमी नाहीत.

प्लेटच्या कडा ४५ अंशांत तासा. दहा मिमीची कड सरळ ठेवली तर ती चटईच दिसते. सांध्याच्या रेघा हव्यात तिथे २ ते ३ मिमी खोल चीर द्या. हीट गन फिरवली की ती आपोआप उघडून छान खाच होते. निम्म्याहून खोल गेलात तर तिथेच घडी पडेल.

हीट गन ३०० ते ३५० अंशांवर, फोमपासून १० ते १५ सेंमी लांब, सतत हलती. पृष्ठभागाला किंचित चकाकी आली की वरची छिद्रं बंद झाली. तिथून पुढे सरका. धूर किंवा आंबूस वास आला म्हणजे जास्त झालं. दोन्ही बाजूंनी तापवून तुकडा कळशीवर किंवा मोठ्या कुकरवर दाबून मिनिटभर धरा. छातीच्या प्लेटला कळशीचा पोट-भाग अगदी नेमका बसतो. सोडल्यावर फोम थोडा परत उलगडतो, म्हणून हवा त्याहून जास्त वाकवा. हेअर ड्रायरने ५ मिमी जेमतेम वळेल, १० मिमी वळणार नाही. गॅसच्या शेगडीवर तर नकोच.

आकार आधी, चिकटवणं नंतर. सपाट तुकडे जोडून मग तापवायला गेलात तर गोंद सुटतो.

चिकटवणं, आणि पावसाळ्यातली फसगत

पांढरा फेविकॉल फोम धरत नाही. सोल्युशनच हवं. कडांवरून पॉलिश पेपर फिरवा, धूळ पुसा, दोन्ही कडांना पातळ हात मारा. कापलेली कड सच्छिद्र असल्याने पहिला हात पिते. दहा मिनिटांनी दुसरा द्या. मग थांबा, १० ते १५ मिनिटं. बोट लावल्यावर चिकटलं नाही की तयार. ओलं असताना जोडलं तर द्रावक आत अडकतो आणि सांधा दोन दिवस घसरत राहतो. जोडताना एका टोकापासून सुरुवात करू नका. मधली खूण जुळवा, मग दोन्ही टोकं, मग उरलेलं भरत जा. एकदा भिडलं की सोडवता येत नाही. शेवटी पूर्ण सांधा चिमटीत दाबा. या गोंदाला वेळेपेक्षा दाब लागतो.

जून ते सप्टेंबर मात्र वेगळा खेळ असतो. द्रावक उडताना गोंदाचा पृष्ठभाग थंड पडतो आणि दमट हवेतली वाफ त्यावर बसते. पापुद्रा पांढुरका, धुरकट दिसायला लागतो. तो कोरडा लागतो म्हणून लोक जोडतात, आणि सांधा नेमका प्रयोगाच्या दिवशी उघडतो. उपाय सोपा. जोडण्याआधी दोन्ही कडांवर हीट गन लांबून, कमी तापमानावर फिरवा. पांढुरकेपणा गेला, कड कोमट लागली की लगेच जोडा. एसीच्या कोरड्या खोलीत काम केलं तर हा प्रश्न बराच कमी होतो, पण तिथे वाफा कोंडतात. खिडकी उघडी, पंखा बाहेर तोंड करून. जवळ उदबत्ती, शेगडी, सिगारेट काही नको. या वाफा पेट घेतात. हीट गनही डबा बंद करून, वास ओसरल्यावरच.

सांध्यात फट राहिली तर खिडक्यांना भरतात ते अॅक्रिलिक सीलंट ओल्या बोटाने भरा. सिलिकॉन सीलंट नको, त्यावर रंग बसत नाही.

अस्तर आणि पट्टे

फोम थेट अंगावर येऊ देऊ नका. कॅनव्हासची बिनबाह्यांची बंडी शिवा, आतून पाठीला आणि छातीला दप्तराची जाळी. प्लेटा या बंडीवर बसतात. कायमच्या चिकटवण्यापेक्षा वेलक्रो बरं: बंडी धुता येते आणि प्लेटा वेगळ्या नेता येतात. वेलक्रोला लागून आलेला गोंद फोमवर टिकत नाही. सोल्युशननेच चिकटवा, कापडाच्या बाजूला शिवून घ्या.

उजवी बगल बंद, डावी उघडी. दोन्ही खांद्यांवर बकल, डाव्या बगलेत दोन. नायलॉन पट्टीचं टोक कापलं की लायटरने जाळून बंद करा, नाहीतर धागे सुटतात. पट्टी फोमला नुसती चिकटवली तर फोम फाटतो; ती बंडीच्या कापडातून जाऊन चौकटीत फुलीची शिलाई मारलेली हवी. चपलावाला ही शिलाई पाच मिनिटांत मारून देतो.

झटपट उतरवण्यासाठी डाव्या खांद्याच्या आणि बगलेच्या चापांना लाल पट्टीचे बोटभर फास बांधा. प्रेक्षकाला ते गस्तीचं साधन वाटतं, आणि विंगेत कपडे बदलताना नटाला खरोखर उपयोगी पडतं.

लेप आणि रंग

फोम रंग पितो आणि वाकला की रंग तडकतो, म्हणून मध्ये लवचीक लेप लागतो. गच्चीला लावतात तो अॅक्रिलिक वॉटरप्रूफ लेप थोड्या पाण्याने पातळ करून तीन पातळ हात द्या, दोन हातांत चार तास. पावसाळ्यात रात्रभर. पाण्यात कालवलेला फेविकॉलही चालतो, पण फक्त न वाकणाऱ्या प्लेटांवर. पोटाच्या पट्ट्यांवर तो पापडासारखा तडकतो.

सगळ्यावर आधी गडद राखाडी. शुद्ध काळा घेऊ नका, रंगमंचाच्या प्रकाशात खाचा गिळतो. त्यावर मूळ रंग. खाडी-गस्तीला चिखलाचा करडा-तपकिरी, आणि एकच बदललेलं पॅनेल नव्या कोऱ्या निळसर रंगाचं. मग पातळ तपकिरी रंग खाचांत सोडून वरून पुसून घ्या. शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने उंच कडांवर फिका हात.

झिजेची जागा वहीतल्या पाच ओळी ठरवतात: होडीला घासणारी डावी बगल, हात टेकतो ती प्लेटची खालची कड, पट्ट्याखालचा भाग. चिखलाची रेघ कमरेपाशी, वर शिंतोडे. मीठ दाखवायला पांढरा रंग खूप पातळ करून टिपका आणि कडा सुकू लागल्या की मधून पुसा. गंज फक्त पोलादावर येतो, म्हणजे स्क्रू आणि बकलांवर. सिरॅमिक प्लेटभर गंज रंगवलेला बघितला की जाणकार हसतात.

अक्षरांसाठी स्टेन्सिल कापताना देवनागरीचा एक खोडा आहे: ‘ठ’, ‘व’, ‘ब’ यांचा आतला तुकडा सुटून पडतो आणि ‘ठाणे’मधला ‘ठ’ काळा भोपळा होतो. प्रत्येक बंद गोलात ३ मिमीचा पूल ठेवा, शिरोरेघही मध्ये एकदा तोडा. खऱ्या पोलिसांचं किंवा सैन्याचं चिन्ह काढू नका. नवं बोधचिन्ह तयार करा.

एकांकिका गडकरी रंगायतन किंवा वाशीच्या भावे नाट्यगृहासारख्या मोठ्या थिएटरात असेल तर दहाव्या रांगेतून ५ मिमीपेक्षा बारीक काम दिसत नाही. तो वेळ कॅमेऱ्यासाठी राखून ठेवा.

दिवे

कमी ठेवा. छातीवर एक, पाठीच्या डब्यावर दोन. पाच व्होल्टच्या एलईडी पट्टीतले तीन-चार दिवे कापून घ्या, वर २ मिमी पांढरा फोम किंवा बटर पेपर, म्हणजे ठिपका न दिसता चौकोन उजळतो. रंग बदलणाऱ्या पट्टीतला प्रत्येक दिवा पूर्ण पांढऱ्यावर साधारण ६० मिलीअँपिअर घेतो. मीटरभर पट्टीत असे पुष्कळदा साठ असतात, तेव्हा अख्खी पट्टी अंगावर गुंडाळायचा मोह टाळा.

पॉवर बँकेची वेगळीच खोड. तीन-चार दिव्यांचा भार इतका कमी असतो की ती ‘काही जोडलेलं नाही’ असं समजून अर्ध्या मिनिटात बंद होते. तीन एए सेलचा डबा घ्या, ही कटकट राहत नाही. स्विच उजव्या हाताला न बघता सापडेल असा बगलेपाशी. लुकलुकणारा दिवा फक्त जिथे गरज आहे त्या प्रवेशात. एरवी प्रेक्षक संवाद सोडून दिवा बघत बसतात. तारेला सांध्यापाशी दोन सेंमी ढील ठेवा, नाहीतर पहिल्याच वाकण्यात झाळ तुटते.

मार लागलेला दाखवताना

छातीच्या प्लेटचा एक तुकडा वेडावाकडा कापून वेगळा करा. १० × २ मिमीचे निओडिमियम चुंबक जोडीजोडीने, तुकड्यात आणि खाचेत. चिकटवण्याआधी प्रत्येकाच्या वरच्या तोंडावर मार्करने ठिपका द्या. उलटा बसला तर तुकडा ढकलला जाईल. तुकड्यामागे बारीक मासेमारीचा दोरा बांधून तो बगलेतून नटाच्या हातात. ओढला की प्लेट फुटते, आत आधीच रंगवलेला पांढरा सिरॅमिक आणि पिवळसर धाग्यांचा थर उघडा पडतो. धाग्यांसाठी तागाच्या सुतळीपेक्षा अंबर रंगाचा नायलॉन दोरा उसवून घ्या. बारूद, फटाका यातलं काहीही अंगावर लावायचं नाही.

तालीम, प्रवास, निगा

पहिल्या तालमीपासून नटाच्या पाठीवर दप्तरात पाण्याच्या बाटल्या द्या, सहा-सात किलो. आठवड्याभरात खांदे, वळणं आणि उठण्या-बसण्याची लय बदलते. मग दोन किलोचं जाकीट चढवलं तरी शरीर दहा किलोचंच दाखवतं. हलक्या कवचात तुरुतुरु चालणारा शिपाई उत्तम रंगकामही वाया घालवतो.

पूर्ण जाकीट घालून पाच गोष्टी करून बघा: खुर्चीवर बसणं, जमिनीवरून उठणं, दोन्ही हात डोक्यावर, पूर्ण श्वास घेऊन लांब वाक्य, आणि दुसऱ्याच्या मदतीशिवाय उतरवणं. गळा आणि कवच यांत दोन बोटं गेली पाहिजेत. सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त घालू नका, मध्ये पाणी, पंखा. चक्कर किंवा मळमळ सांगितली की प्रवेश थांबवून जाकीट आधी उतरवा.

लोकलने नेताना प्लेटा सुट्या करून चादरीत गुंडाळा आणि सामानाच्या डब्यात बसा. अंगावर चढवून स्टेशनवर जाऊ नका, खोटी बंदूक तर पिशवीतूनही डोकावू देऊ नका. सोबत एक डबी: सोल्युशनची छोटी ट्यूब, दोन जादा बकलं, काळा दोरा-सुई, मूळ रंगाची बाटली, जादा सेल.

प्रयोगानंतर प्लेटा काढा, बंडी साध्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवा. ओली बंडी पिशवीत राहिली तर पावसाळ्यात दोन दिवसांत बुरशी धरते आणि तो वास जाळीतून निघत नाही. प्लेटा एकीवर एक रचू नका, फोम दबून सपाट होतो. छातीची प्लेट पुन्हा कळशीवरच पालथी घालून ठेवा. गाडीच्या डिकीत उन्हात ठेवलेलं कवच सांध्यांपाशी उघडतं. तसं झालंच तर जुना गोंद खरवडून काढा, कड पॉलिश पेपरने घासा आणि दोन्ही बाजूंना नव्याने हात मारा. जुन्या गोंदावर नवा थापून चालत नाही.